लहान मुले आणि भीतीचे चित्रपट

अमुक चित्रपट मुलांस दाखवावा की नाही, असे पालक शिक्षकांस विचारतात तेव्हा त्यांस 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते. तसे उत्तर देणे कठीण असते. कारण एकाच घरातील पाच वर्षांचे मूल व दहा वर्षांचे मूल शेजारी शेजारी बसून दोन निरनिराळे चित्रपट पाहात असतात.

विशाल भारद्वाज यांचा २००२ सालचा 'मकडी' हा चित्रपट घ्या. मुलांसाठी काढलेला, आणि चांगला काढलेला. गावाबाहेरच्या जुन्या हवेलीत चेटकीण राहते व आत जाणाऱ्यास पशुपक्षी करून टाकते अशी वदंता असते. जुळ्या बहिणींपैकी एक आत जाते आणि दुसरीच्या हाती बहिणीऐवजी एक कोंबडी येते. शबाना आझमी यांनी ती चेटकीण अशी वठविली आहे की मोठ्यांनीही जरा सावरून बसावे. शेवटी कळते की ही चेटकीण नव्हेच. गुप्तधनासाठी रचलेले ते सोंग होते. दहा वर्षांच्या मुलीस हा उलगडा फार आवडतो. 'मला आधीच ठाऊक होते' असेही ती सांगते. पाच वर्षांच्या धाकट्याच्या लेखी मात्र उलगडा झालेलाच नसतो. तो घरी येतो तो त्या बाईचा चेहरा आणि बहिणीची झालेली कोंबडी, एवढेच बरोबर घेऊन.

असे का होते, याचा अभ्यास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्राध्यापिका जोआन कँटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला. सुमारे सात वर्षांपर्यंतचे मूल दिसण्यावर जाते. विद्रूप चेहरा, डोळ्यांदेखत होणारे रूपांतर, एकदम आलेला मोठा आवाज यांनी ते घाबरते. 'इन्क्रेडिबल हल्क' या दूरदर्शन मालिकेतील सज्जन नायक संतापला की हिरवा राक्षसी पुरुष बनून दुबळ्यांच्या मदतीस धावे. बालवाडीच्या वयाची मुले नेमकी या मदतनिसालाच भ्यायली. थोराड मुलांस भीती वाटली ती त्याआधी, नायक संकटात होता तेव्हा. पुढे वय वाढते तसे दिसण्याचे भय ओसरते व 'हे आपल्या घरी घडू शकेल काय' हे भय त्याची जागा घेते. म्हणून बारा वर्षांच्या मुलास भुतापेक्षा चोरी, आग किंवा युद्धाचे चित्र जास्त झोंबते.

याच मंडळींनी १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' मधील दुष्ट चेटकिणीचे दृश्य मुलांस दाखविले. 'हे सारे लटके आहे, असे मनात आणा' ही सूचना नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या उपयोगी पडली. अगदी लहानांस तिचा काही उपयोग झाला नाही. आपण सारेच पालक 'अरे, खोटे आहे ते' असे म्हणून मोकळे होतो, म्हणून हे विशेष ध्यानात घ्यावे. लहान मुलास शब्दांहून जवळीक कळते: मांडी, पांघरूण, पेलाभर दूध. चेटकिणीची भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन १९७५ साली मुलांच्या एका दूरदर्शन कार्यक्रमात साध्या वेषात आल्या आणि मुलांसमोर तो काळा झगा व टोपी त्यांनी अंगावर चढविली. वेष अंगावर चढताना पाहणे हे मुलांस पटण्याजोगे असते. पुढच्याच वर्षी 'सेसमी स्ट्रीट' मध्ये त्या चेटकीण म्हणूनच आल्या, तेव्हा मात्र पालकांची तक्रारीची पत्रे आली आणि तो भाग पुन्हा दाखविला गेला नाही.

कोणी म्हणेल, आजीच्या गोष्टींत राक्षस नव्हते काय? होते. आमच्या नानीची जिन्नाची गोष्ट असो वा शेजारच्या आजीची ब्रह्मराक्षसाची, ऐकणारे मूल आपल्या मनाला पेलेल एवढाच राक्षस उभा करी. शिवाय आजीचे लक्ष मुलाच्या तोंडाकडे असे. डोळे फार मोठे झाले की राक्षस लवकर मरे. पडद्यावरचा राक्षस सर्वांस एकाच मापाचा, आणि तो कोणासाठी थांबत नाही.

सरकारी प्रमाणपत्राची मदत होते, पण किती ते जाणून असावे. १९५२ च्या कायद्याखाली 'यू' व 'ए' असे दोनच वर्ग होते. १९८३ मध्ये 'यूए' आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले. 'ए' असेल तर दारावरचा माणूस मुलास अडवितो. 'यूए' चे आकडे केवळ पालकांसाठी आहेत. ते पाळणे न पाळणे घरच्यांच्या हाती. आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांस आपले मूल ठाऊक नसते. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' ब्रिटनमध्ये आला तेव्हा तेथील परीक्षकांनी मुलांनी मोठ्यांबरोबरच यावे असे ठरविले होते. आपल्याकडे तोच चित्रपट वाढदिवसाला हौसेने लावतात.

म्हणून शक्य तर चित्रपट आपण आधी पाहावा. भीतीची वस्तू कोठे आहे हे पाहावे: दूरच्या किल्ल्यात, की न्हाणीघरात व पलंगाखाली? न्हाणीघरात मुलास रोज जावे लागते. संकट कोणावर येते? आई हरवणे किंवा मरणे हे लहानांस कोणत्याही भुताहून जड जाते. घरी दाखवायचा तर दिवसा, दिवा लावून, आवाज कमी ठेवून दाखवावा. डोळे झाकता येतात, पण भीतीचे निम्मे काम वाद्यसंगीत करते. दादा-ताईंसाठी लावलेला चित्रपट धाकटा कोपऱ्यातून पाहात असतो, हेही विसरू नये.

मुलगा धीट व्हावा म्हणून त्यास मुद्दाम असे चित्रपट दाखविणारे वडील मी पाहिले आहेत. असे मूल धीट होत नाही. भीती लपवायला तेवढे शिकते, आणि मग वर्गात दुसऱ्या भित्र्या मुलास हसणाऱ्यांत ते पुढे असते.

मूल मध्येच 'घरी जाऊ' म्हणाले तर उठावे. मध्यंतराची वाट पाहू नये. घरी आल्यावर चार रात्री त्याच्याजवळ निजावे, दिवा ठेवावा, काय दिसले ते त्यास काढून दाखवायला कागद व रंग द्यावेत. मोठ्या भावंडांस चिडवू देऊ नये. काही आठवडे लोटूनही झोप, जेवण किंवा शाळा बिघडलेलीच राहिली, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि कोणता चित्रपट पाहिला होता हेही त्यांस सांगावे.