वाघाचे गाव कोणते?

बडनेऱ्याच्या फलाटावर कुणी शेजारी येऊन टेकले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोन्या गावचे?’ नाव नंतर, कामधंदा नंतर, आधी गाव. गाव कळले की माणसाचा अर्धा हिशेब लागतो, अशी आपल्या वऱ्हाडाची समजूत. हाच प्रश्न गेल्या हिवाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या नातवाने एका वाघाबद्दल विचारला, आणि तेव्हापासून तो मनातून जाता जात नाही.

प्रसंग तसा साधाच. सुटी होती, आणि नातवाला गोरेवाड्याची सफारी दाखवण्याचे कबूल करून बसलो होतो. नागपूरच्या बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातली ‘इंडियन सफारी’ २६ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून आमच्याकडच्या कुटुंबांना चिखलदऱ्याच्या जोडीला सहलीचे नवे ठिकाण मिळाले. सकाळची गाडी धरली. मालखेड, चांदूर, धामणगाव अशी ओळखीची स्टेशने मागे पडू लागली. खिडकीबाहेर तुरीची शेते आणि वेचणीला आलेला कापूस.

धामणगाव आले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, ‘इथून एक वाघ पायी गेला होता.’ गोष्ट २०१८ सालची. चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण वाघ वर्धा जिल्हा ओलांडून ऑक्टोबरात धामणगाव रेल्वे तालुक्यात आला. मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी भागात दोन माणसे त्याने मारली. आठवडाभर तिकडच्या गावांत दिवेलागणीनंतर कुणी बाहेर पडत नव्हते. शेतात कापूस फुटून उभा, आणि वेचायला बाई मिळेना. तो वाघ पुढे उत्तरेला सरकत मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यात गेला आणि डिसेंबरात सारणी येथे पकडला गेला. नातवाने सगळे ऐकून घेतले आणि खिडकीला नाक लावून तो शेतांकडे पाहत बसला.

गोरेवाडा नागपूर शहराला अगदी लागून आहे. शहराच्या पाण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तलाव, त्याभोवती राखलेले जंगल, आणि त्या जंगलाचा काही भाग कुंपणात घेऊन केलेली ही सफारी. वाघ, बिबटे, अस्वले आणि तृणभक्षी प्राणी यांचे चार वेगळे विभाग. मोठ्या काचांच्या बसमध्ये माणसे बसतात आणि प्राणी मोकळे फिरतात. म्हणजे पिंजऱ्यात आपण, असे आमच्या बसमधल्या एका गृहस्थांनी म्हटले आणि सगळे हसले. लहान मुले, आज्या, नवी लग्न झालेली जोडपी, डब्यातला चिवडा, हातात मोबाइल. जत्रेला निघालेल्या माणसांचा मूड होता. त्यात गैर काही नाही. प्रकल्पाच्या जुळवाजुळवीच्या काळात भागीदार म्हणून नाव आले होते तेही मुंबईच्या एस्सेल वर्ल्डचे, म्हणजे पाळणे आणि घसरगुंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मंडळींचे. करमणूक हा हेतू इथे कुणी लपवलेला नाही.

माझ्या पिढीने वाघ पाहिला तो सर्कशीत. अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर तंबू लागला की आम्ही बडनेऱ्याहून जायचो. तंबूच्या मागे चाकांवरचे पिंजरे असत. वाघाला वळायलाही जागा नसे आणि तो उग्र वास दोन दिवस नाकात राही. आम्ही टाळ्या वाजवल्या, खोटे कशाला बोला. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली देशी सर्कस उभी केली याचा मराठी माणसाला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. पण वाघसिंहांचे खेळ बंद व्हायला पुढची शंभरावर वर्षे जावी लागली. सरकारने त्यावर बंदी आणली, सर्कसवाले न्यायालयात गेले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. प्राणिसंग्रहालयांचेही तसेच. गज काढून खंदक खणण्याची कल्पना कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणिव्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ प्रत्यक्षात आणली. आपल्याकडे मात्र प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ साली आले. त्या मापाने पाहिले तर गोरेवाडा ही मोठी मजल आहे. पायाखाली माती आहे, डोक्यावर झाडाची सावली आहे आणि माणूस दूर आहे.

बस थांबली. सागाच्या झाडाखाली वाघ आडवा पडला होता. त्याने एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली टाकली. बसमध्ये एकच गलका झाला. नातू मात्र गप्प होता. थोड्या वेळाने माझी बाही ओढून म्हणाला,

‘आबाजी, हा वाघ कोन्या गावचा?’

मी म्हटले, ‘इथलाच.’ ते खरे नव्हते, हे मला माहीत होते. गोरेवाड्यात सफारीच्या आधीपासून वन्यप्राण्यांचे बचाव केंद्र आहे. जखमी, पोरके आणि माणसांशी संघर्षात सापडलेले प्राणी विदर्भभरातून तिथे येतात, आणि सफारीतलेही बरेच रहिवासी त्याच वाटेने आलेले. तेवढे त्याला सांगितले. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, ‘मंग त्याले त्याच्या गावी काऊन नाही नेऊन सोडत?’

मुलांचे प्रश्न सोपे असतात, उत्तरे नसतात. नेऊन सोडण्याचा प्रयोग झालेला आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात झाला. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीच्या परिसरात पकडलेली ‘ई-१’ ही वाघीण २०१९ साली मेळघाटात सोडण्यात आली. मेळघाट म्हणजे १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघासाठी याहून चांगले घर कोणते? पण तिने तिथल्या माणसांवर हल्ले केले, एकाचा जीव गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. रवानगी झाली ती गोरेवाड्याला. धामणगाववरून गेलेल्या त्या वाघालाही सारणीत पकडल्यावर सातपुड्याच्या जंगलात सोडले होते. तो चालत पुन्हा सारणीला आला! दुसऱ्यांदा पकडून त्याला आधी कान्हात आणि मग भोपाळच्या वनविहारात नेले. शेकडो किलोमीटर चाललेल्या त्या जनावराचा प्रवास असा कुंपणाशी संपला.

यात खलनायक शोधू नये. मंगरूळच्या किंवा मेळघाटच्या माणसाला ‘वाघ वाचवा’ असे शहरातून सांगणे फार स्वस्त आहे. वाघासाठी मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावे आपली जागा सोडून बाहेर आली आहेत. हिशेबाची ती बाजूही विसरता येत नाही. पकडलेला वाघ गोळी घालून मारण्यापेक्षा गोरेवाड्यात जगतो, हे चांगलेच. पण तिथले जगणेही निर्धास्त नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर त्याच बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, बर्ड फ्लू. चंद्रपूरकडच्या संघर्षातून उचलून सुरक्षित म्हणून आणलेली जनावरे ती. बातमी दोन दिवस आली आणि गेली.

मला खटकते ते एवढेच, की आपण तिकीट काढतो, वाघ पाहतो, फोटो घेतो आणि वाघ पाहिला असे म्हणत घरी येतो. प्रत्यक्षात आपण पाहतो तो हरलेला वाघ. जंगलाजंगलांमधल्या ज्या पट्ट्यांतून तो ये-जा करत असे, तिथे आता रस्ते, कालवे आणि तारांची कुंपणे आहेत. वाट बंद झाली की तो कापसाच्या शेतात येतो, शेतात आला की माणूस मरतो, आणि माणूस मेला की वाघ गोरेवाड्यात जातो. सफारीतल्या वाघांची संख्या वाढणे ही म्हणूनच निव्वळ आनंदाची बातमी नव्हे.

उपाय अगदीच नाहीत असेही नाही. पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ काही ठिकाणी उंच उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे, आणि वाघ ती वाट वापरतात हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. समृद्धी महामार्गावरही अशा वाटा केल्या आहेत. आमच्या बडनेऱ्याच्या उशालाच पोहरा-मालखेडचे जंगल आहे. अमरावतीच्या विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण दचकतो. जनावर शहरात आले असे म्हणतो, शहर त्याच्या दारात गेले असे म्हणत नाही.

सफारी जरूर पाहावी, मुलांना घेऊन पाहावी. पण तिथल्या प्रत्येक प्राण्याची हकिकत मुलांना सांगितली जावी, एवढे व्हायला हवे. हा कुठला, कुठे पकडला, कोणाचे काय गेले, आणि परत का जाऊ शकत नाही. मुलांना ते पेलते. मोठ्यांनाच पेलत नाही.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. धामणगाव आले तेव्हा अंधार पडला होता. नातू जागाच होता. म्हणाला, ‘आबाजी, तो वाघ पुन्हा इकडून आला त?’ मी म्हटले, ‘आता नाही येणार बाप्पा, तो भोपाळला आहे.’ ‘तो नाही,’ तो म्हणाला, ‘दुसरा.’

याचे उत्तर मी द्यायचे होते. बडनेरा येईपर्यंत मला ते सुचले नाही.