विजेची गाडी कोणाला परवडते?

आमची शाळा पाचगणीला. भूगोलाच्या मॅडम राहतात साताऱ्याला. सातारा ते वाई बऱ्यापैकी सपाट रस्ता, पुढे पसरणीचा घाट. जाऊन-येऊन रोजचे जवळजवळ शंभर किलोमीटर. एस.टी.च्या वेळा सांभाळून थकलेल्या मॅडमनी एकदा मधल्या सुट्टीत जाहीर केले, "मी विजेची गाडी घेतेय. पेट्रोलच नाही, म्हणजे प्रवास जवळजवळ फुकट!"

"मॅडम, फुकट काही नसतं," गणिताचे सर म्हणाले. "बॅटरी गेली की कळेल. आणि घाटात मध्येच बंद पडली तर?"

मग दोन तट पडले. गंमत म्हणजे कोणत्याच बाजूने एकही आकडा मांडला नव्हता. इकडे मॅडमचा पतपेढीतला कर्जाचा अर्ज मात्र भरून तयार होता. म्हटले, आधी हिशोब करू, मग भांडू. सातवी-आठवीच्या मुलांना येते तेवढेच गणित याला लागते. तोच हिशोब इथे देत आहे. यातले दर आम्ही धरून चाललेले आहेत; आपण आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा.

एका लिटरमध्ये किती युनिट?

पेट्रोल लिटरमध्ये मोजतात, वीज युनिटमध्ये. तुलना करायची तर दोन्ही एकाच मापात आणायला हवेत. विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल ऊर्जा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण ९ युनिट एवढी उष्णता मिळते.

आपल्या रस्त्यावर छोटी पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते असे धरू. शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटर, म्हणजे सुमारे ५६ युनिट ऊर्जा लागली. तेवढ्याच आकाराची विजेची गाडी बॅटरीतून किलोमीटरला साधारण ०.१४ युनिट घेते. शंभर किलोमीटरला १४ युनिट. चार्जिंग करताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून मीटरवर १६ युनिट पडतील.

कुठे ५६ आणि कुठे १६! रस्ता तोच, वजनही जवळपास तेच. मग एवढा फरक का? इंजिन आधी उष्णता तयार करते आणि त्यातल्या एका भागाचेच गतीत रूपांतर करते. रोजच्या वापरात हा भाग जेमतेम पाव असतो. बाकीची उष्णता रेडिएटर आणि धुराच्या नळीतून बाहेर जाते. विजेच्या मोटारीत मध्ये उष्णतेचा टप्पा नसल्याने दहापैकी साडेआठ-नऊ भाग ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते.

पण इथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. वीज कुठेतरी तयार होते आणि आपल्या देशात तिचा मोठा भाग कोळशावर होतो. कोळशाच्या वीजकेंद्रातही उष्णतेचा तोच टप्पा आहे. तिथेही साधारण एकतृतीयांश उष्णतेचीच वीज होते. फरक इतकाच की वाया जाणारी उष्णता आपल्या बॉनेटखाली नसून दूर केंद्रात असते. सातारा जिल्ह्यातच १९६० मेगावॅटचा कोयना जलविद्युत प्रकल्प आहे, म्हणून काही आमच्या गाडीत फक्त कोयनेचीच वीज येत नाही. सगळी वीज एकाच जाळ्यात मिसळते.

या जाळ्यातल्या एका युनिटमागे देशात सरासरी ०.७२ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर पडतो २.३ किलोग्रॅम. म्हणजे मॅडमच्या शंभर किलोमीटरला पेट्रोल गाडीतून १४.४ किलो आणि विजेच्या गाडीमुळे ११.५ किलो. पेट्रोल शुद्ध करताना व वाहून आणताना होणारे उत्सर्जन, तसेच बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन यात धरलेले नाही. फायदा आहे, पण 'शून्य प्रदूषण' हे शब्द फक्त गाडीच्या मागच्या टोकापुरते खरे आहेत. जाळ्यात सूर्य, वारा आणि पाण्याची वीज वाढत जाईल तसा हा फायदाही वाढेल.

घाटाचे काय?

सरांची शंका रास्त होती, म्हणून घाटाचा वेगळा हिशोब केला. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. चढण ५७० मीटरची. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,४०० किलोग्रॅम धरले, तर स्थितिज ऊर्जा झाली १,४०० × ९.८ × ५७०, म्हणजे सुमारे ७८ लाख ज्यूल. तिला ३६ लाखांनी भागले की येते २.२ युनिट. मोटारीतली गळती धरून बॅटरीतून अडीच युनिट म्हणू. घाटाची सारी भीती या अडीच युनिटांत मावते!

खरी मौज उतारावर. पेट्रोल गाडी घाट उतरताना ही साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये तापवून घालवते. विजेच्या गाडीत उतारावर चाके मोटारीला फिरवतात, मोटारच जनित्राचे काम करते आणि बॅटरीत वीज परत भरते. घर्षण, हवेचा विरोध आणि रूपांतरातली गळती वजा जाता सुमारे एक युनिट तरी परत मिळावे. एक पथ्य मात्र आहे : वर पाचगणीत बॅटरी काठोकाठ भरून निघू नये. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही.

बॅटरी पुरेल का?

छोट्या गाडीची बॅटरी २४ युनिटची धरू. २४ भागिले ०.१४, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर. जाहिरातीतला आकडा याहून बराच मोठा असतो, कारण तो ठरावीक चाचणीत मोजलेला असतो. शिवाय कोणी बॅटरी पार शून्यावर आणत नाही. पाचवा भाग राखीव ठेवला तर उरले १३७ किलोमीटर. शंभराला ते पुरेसे आहेत.

पण बॅटरी म्हातारी होते. काही वर्षांनी तिची क्षमता पाव भागाने घटली असे समजा. मग राखीव सोडून उरतात १०३ किलोमीटर. म्हणजे जेमतेम! पुढे साताऱ्यात एखादे काम निघाले तर शाळेत किंवा वाटेत चार्जिंग करावे लागणार. तेव्हा आज पुरते यावर न थांबता सातव्या-आठव्या वर्षी पुरेल का, हे विचारायला हवे. अनेक कंपन्या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल तेवढी देतात. वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले, तर मॅडमची गाडी वर्षाला २२,००० किलोमीटर धावेल आणि हमी सव्वासात वर्षांत संपेल.

पैशांचा हिशोब

पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले. रोजचे सव्वासहा लिटर, म्हणजे ६५० रुपये.

विजेच्या दरात मात्र फसायला होते. मॅडमनी घरचे बिल एकूण युनिटांनी भागले आणि सहा-साडेसहा रुपये दर काढला. ही सरासरी इथे कामाची नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिली १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, मग ५०० पर्यंत त्याहून महाग. मॅडमच्या घरी आधीच १२० युनिट जळतात. गाडीची सारी युनिट त्यांच्यावर चढतात, म्हणजे वरच्या टप्प्यांतच पडतात. म्हणून शेवटच्या युनिटांचा दर धरायचा. वहन आकार व वीज शुल्क मिळवून आम्ही तो १५ रुपये धरला. रोजचे १६ × १५, म्हणजे २४० रुपये.

रोजची बचत ४१० रुपये, २२० दिवसांची ९०,२०० रुपये.

आता दुसरे पारडे. सारख्या आकाराच्या दोन गाड्या हातात पडेपर्यंत विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडते असे धरू. हे जास्तीचे तीन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जाने घेतले, तर व्याजासह सुमारे ३ लाख ७४ हजार फेडावे लागतात. त्याला ९०,२०० ने भागले की चार वर्षे आणि दोन महिने. म्हणजे हमी संपण्याच्या बरेच आधी पैसे वसूल.

मॅडमचा चेहरा खुलला. तेवढ्यात पाचगणीतच राहणारे चित्रकलेचे सर म्हणाले, "मग मीही घेतो!" त्यांचा रोजचा प्रवास दहा किलोमीटर. बचत दिवसाला ४१ रुपये, वर्षाला नऊ हजार, आठ वर्षांत बहात्तर हजार. जास्तीचे पावणेचार लाख फिटणार कधी? गाडी तीच, वीज तीच. पण एकाला ती परवडते, दुसऱ्याला नाही. आमच्या आकड्यांनी आठ वर्षांत बरोबरी होण्यासाठी रोज साधारण पन्नास किलोमीटर धावावे लागते. विजेच्या गाडीचा मोठा खर्च आधी होतो आणि बचत किलोमीटरागणिक थेंबाथेंबाने येते, हे याचे कारण.

चार्जिंग कुठे होणार, यावरही बरेच ठरते. घरी १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट भरतात. रात्रीचे पाच-साडेपाच तास पुरे. त्यासाठी मीटरचा मंजूर भार, वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यायला हवे. इमारतीत राहणाऱ्यांनी आपल्या पार्किंगपर्यंत वायर नेता येईल का, हे गाडी घेण्याआधीच विचारावे. रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रावर युनिटला २५ रुपये पडले, तर रोजची बचत २५० वर येते आणि वसुलीला पावणेसात वर्षांहून अधिक लागतात. उलट, वाहन चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे. तिची चौकशी केल्यास, किंवा छतावर सौरपॅनेल असल्यास, हिशोब आणखी सुधारू शकतो.

आणि एस.टी.?

शेवटी शाळेच्या मावशींनी चहा ठेवता ठेवता विचारले, "पण एस.टी.ला किती लागतात?"

साध्या गाडीचे जाऊन-येऊन पूर्ण भाडे दीडशे-पावणेदोनशेच्या घरात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट, म्हणजे ऐंशीएक रुपये. विजेचे २४० त्याच्या तिप्पट झाले, आणि त्यात गाडीची किंमत धरलेलीच नाही! म्हणजे पेट्रोलपेक्षा वीज स्वस्त हे खरे; पण सगळ्यांत स्वस्त ती एस.टी. गाडीने विकत मिळतो तो वेळ आणि सोय. त्याची किंमत ज्याची त्याने ठरवायची.

मॅडमनी कागद उलटा केला आणि खाली लिहिले : २४० ÷ ३ = ८०. साताऱ्याहून येणारे आणखी दोघे त्यांच्याबरोबर यायला तयार होते. चालवण्याचा खर्च निम्म्या तिकिटाएवढा झाला. अर्ज त्यांनी त्या दिवशी दिला नाही. आधी घरचा मंजूर भार पाहून येते म्हणाल्या.

वर्गात करण्यासाठी

मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा. पुढच्या ५० युनिटांचा खर्च आधी सरासरी दराने आणि मग टप्प्याच्या दराने काढू द्या. फरक का आला, हे त्यांनाच शोधू द्या. मोठ्या मुलांकडून अंतर आडव्या आणि खर्च उभ्या अक्षावर घेऊन दोन्ही गाड्यांच्या रेषा काढून घ्या. एक रेषा वरून सुरू होऊन सावकाश चढेल, दुसरी खालून सुरू होऊन झपाट्याने. त्या जिथे छेदतात तो बिंदू आपल्या गावच्या दरांनी कुठे येतो, ते पाहा. पेट्रोलचा दर वाढला किंवा बॅटरी स्वस्त झाली तर तो कुठे सरकेल, हे मुलांनी आधी ओळखावे आणि मग पडताळावे.