सहा एअरबॅग असूनही विम्याचा हप्ता कमी का होत नाही?



दिवाळीच्या सुट्टीनंतर झालेल्या पालक सभेत मुलांच्या गुणांविषयी बोलून झाल्यावर एका पालकांनी विचारले, "सर, नवी गाडी घेतली. पाच तारे, सहा एअरबॅग, कॅमेरे, सगळे आहे. तरी विम्याचा हप्ता जुन्या गाडीच्या दुपटीहून जास्त. सुरक्षित गाडी घेणाऱ्याला सूट मिळायला नको का?" प्रश्न अगदी रास्त होता. शेजारी उभ्या असलेल्या दोन-तीन पालकांनीही मान डोलावली. सभेत सविस्तर उत्तर देता आले नाही, म्हणून या अंकात लिहीत आहे. आठवी-नववीच्या मुलांनी वही-पेन घेऊन बसावे, शेकडेवारीचे एक-दोन हिशेब येणार आहेत.

आधी एक शब्दाचा घोटाळा दूर करू. 'प्रीमियम' म्हणजे विम्याचा हप्ता. पण हल्ली महागड्या गाडीलाही 'प्रीमियम गाडी' म्हणतात. तेव्हा प्रीमियम गाडीचा प्रीमियम असा मजेशीर प्रकार होतो. मी खाली हप्त्याला हप्ताच म्हणेन.

गाडीच्या पॉलिसीत दोन निरनिराळ्या गोष्टी एका कागदावर छापलेल्या असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. पहिला भाग 'थर्ड पार्टी'चा. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा भाग सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तुरुंगवासही होऊ शकतो. दुसरा भाग 'ओन डॅमेज'चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि चोरी. हा ऐच्छिक आहे, पण नवी गाडी असलेला शहाणा माणूस तो टाळत नाही.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकारी असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये असे तीन टप्पे ठरले. नीट बघा, दर केवळ इंजिनाच्या आकारावर आहे. गाडीला किती तारे, ब्रेक कसे, एअरबॅग किती, कशाचाही संबंध नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला १५ टक्के सूट दिली गेली, पण ती पर्यावरणासाठी, सुरक्षेसाठी नव्हे. पादचाऱ्याला पाहून आपोआप ब्रेक लावणारी गाडी आणि तशी सोय नसलेली गाडी, दोघींना हप्ता सारखाच. माझ्या मते ही उणीव आहे. जी गाडी रस्त्यावरच्या माणसाला वाचवते तिला या भागात काही तरी सवलत असायला हवी.

आता ओन डॅमेज. हैदराबादकरांना यात एक खास अधिकार आहे, कारण देशाच्या विमा व्यवसायाचे नियमन करणारे प्राधिकरण, म्हणजे इर्डा, आपल्याच शहरात आहे. २००१ मध्ये ते दिल्लीहून इथे आले. पूर्वी बशीरबागच्या परिश्रम भवनात होते, आता फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये स्वतःच्या इमारतीत आहे. डिसेंबर २००६ अखेरपर्यंत ओन डॅमेजचे दरही देशभर एकच होते, त्याला टॅरिफ म्हणत. १ जानेवारी २००७ पासून ते खुले झाले आणि कंपन्या आपापला दर लावू लागल्या. तरीही जुने टॅरिफ समजून घेतले तर हिशेबाचे मूळ कळते.

२००२ च्या टॅरिफमध्ये देशाचे दोन भाग केले होते. 'अ' विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, अहमदाबाद आणि आपले हैदराबाद. बाकी सगळा देश 'ब' विभागात. पाच वर्षांच्या आतील, १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला 'अ' विभागात गाडीच्या किमतीवर ३.२८३ टक्के, 'ब' विभागात ३.१९१ टक्के. दहा लाखांच्या गाडीला हैदराबादेत ३२,८३० रुपये आणि नांदेडला ३१,९१० रुपये. फरक ९२० रुपयांचा. मोठ्या शहरात गर्दी जास्त, ठोकरा जास्त, चोऱ्याही जास्त, म्हणून हा फरक.

आणि चोरीविरोधी उपकरण बसवले तर? मान्यताप्राप्त उपकरणाला ओन डॅमेजच्या हप्त्यात अडीच टक्के सूट होती, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. मुलांनो, इथे हिशेब करा. ३२,८३० चे अडीच टक्के ८२०.७५ रुपये, मिळणार ५००. आता पन्नास लाखांची, १५०० सीसीच्या वरची गाडी घ्या. दर ३.४४० टक्के, म्हणजे हप्ता १,७२,००० रुपये. त्याचे अडीच टक्के ४,३०० रुपये, पण हाती तेच ५००. जिच्यावर चोराचा डोळा जास्त, तिला सूट प्रमाणाने कमी! एअरबॅग आणि एबीएस ब्रेक यांना तर या टॅरिफमध्ये वेगळी सूटच नव्हती.

हे अन्यायाचे वाटेल, पण विमा कंपनीच्या नजरेने पाहू. कंपनी दोनच गोष्टी विचारते. नुकसान किती वेळा होईल आणि एकदा झाले तर किती रुपयांचे. समजा दहा लाखांच्या हजार गाड्या आहेत. वर्षात त्यांतल्या दोन चोरीला गेल्या तर नुकसान वीस लाख, प्रत्येक गाडीमागे २,००० रुपये. त्याच हजारांतल्या दोनशे गाड्यांना लहान-मोठी ठोकर लागली, सरासरी खर्च तीस हजार, तर एकूण साठ लाख, गाडीमागे ६,००० रुपये. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) म्हणजे आठ हजारांत चोरीचा वाटा चौथाई. चोरी अगदी अर्ध्यावर आणली तरी हप्त्यातले हजारच रुपये वाचणार. उरलेला खर्च रोजच्या घासाघाशीचा आहे.

आणि नेमकी हीच घासाघाशी नव्या सुरक्षित गाडीत महाग झाली आहे. पूर्वी बंपर फुटला तर नवा बंपर आणि रंग, काम संपले. आता बंपरच्या मागे रडार, पुढच्या काचेच्या वर कॅमेरा, आरशात सेन्सर. काच बदलली की कॅमेऱ्याचे माप पुन्हा जुळवावे लागते. एअरबॅग एकदा उघडली की ती परत घडी करून ठेवता येत नाही, नवीच बसवावी लागते. एअरबॅग माणसाचा जीव वाचवते, पण ओन डॅमेजची पॉलिसी माणसाची नसते, पत्र्याची असते. जीव वाचल्याचा फायदा आयुर्विमा, आरोग्य विमा आणि मुख्य म्हणजे आपल्या घरच्यांना होतो. खर्च मात्र मोटार विम्याच्या खात्यात पडतो. त्या पालकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हेच.

आणखी एक बारीक गोष्ट पॉलिसीत दडलेली असते. सुट्या भागांच्या भरपाईत घसारा कापतात. जुन्या टॅरिफपासून चालत आलेल्या तक्त्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांच्याच रांगेत एअरबॅगही आहे, कपात ५० टक्के. काचेला मात्र कपात नाही. समजा एअरबॅगचे बिल चाळीस हजार झाले, तर वीस हजार आपल्या खिशातून. 'झिरो डेप्रिसिएशन' नावाची जोड घेतली असेल तरच ही कपात टळते. गाडी जितकी महाग, तितकी ही जोड उपयोगी.

टक्कर टाळणारी सोय आणि टक्कर झाल्यावर वाचवणारी सोय यांतही भेद करायला हवा. आपोआप लागणाऱ्या ब्रेकमुळे पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात साधारण निम्म्याने घटतात, असे अमेरिकेत विमा कंपन्यांच्याच खर्चाने चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने आकड्यांनिशी दाखवले आहे. अशी सोय खरोखर नुकसानीची संख्या कमी करते. आपल्याकडे 'भारत एनकॅप'ची तारांकन पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तारे मोजण्याची सोय झाली आहे, ते हप्त्यात दिसावेत एवढीच अपेक्षा.

चोरीचा विषय याहून रंगतदार आहे. चावीत चिप असते आणि ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. अमेरिकेत सक्ती नव्हती, आणि ह्युंदाई व किया यांच्या तिथल्या अनेक गाड्यांत तो बसवलेलाच नव्हता. त्या कशा पळवायच्या याचे व्हिडिओ फिरले, चोऱ्या इतक्या वाढल्या की २०२३ मध्ये दोन मोठ्या विमा कंपन्यांनी काही शहरांत या मॉडेलांचा नवा विमा उतरवणेच बंद केले. एका स्वस्त चिपच्या अभावी विमाच नाही!

उलट उदाहरण ब्रिटनचे. रेंज रोव्हर ही गाडी बनवणारी कंपनी २००८ पासून आपल्या टाटांची. गाडीत चिप आहे, सर्व काही आहे. पण बिनकिल्लीच्या गाडीचा संदेश चोर घराबाहेर उभे राहून यंत्राने पकडतात आणि गाडीपर्यंत पोचवतात, गाडी समजते मालक आला. लंडनमध्ये काही मालकांना विमा मिळेना, मिळाला तर हप्ता प्रचंड. शेवटी २०२३ मध्ये कंपनीला जुन्या गाड्यांची सुरक्षा सुधारण्यासाठी एक कोटी पौंडांहून अधिक खर्च जाहीर करावा लागला. आपल्या शहरातही २०२१ च्या सुरुवातीला बंजारा हिल्सच्या एका मोठ्या हॉटेलच्या पार्किंगमधून एका चित्रपट निर्मात्याची फॉर्च्युनर गेली होती. पकडला गेलेला राजस्थानचा चोर यंत्राने नवी चावी बनवण्यात तरबेज निघाला. म्हणून बिनकिल्लीच्या गाडीची चावी रात्री दाराजवळच्या खुंटीला लटकवू नये, आत दूर ठेवावी. स्टिअरिंगला लावायचा साधा लोखंडी दांडा अजूनही कामाचा आहे, कारण तो यंत्राने उघडत नाही.

पण सर्व उपकरणांवर पाणी फिरवणारी एक सवय मी रोज सकाळी आपल्या फाटकासमोर पाहतो. गाडी चालू, चावी जागेवर, आणि पालक मुलाचे दप्तर घेऊन आत पायऱ्यांपर्यंत. कधी धाकटे मूल मागच्या सीटवर झोपलेले असते. पॉलिसीत एक अट असते की मालकाने गाडीची वाजवी काळजी घ्यावी. चावी गाडीत सोडून गेल्यावर चोरी झाली तर कंपनी याच अटीवर दावा नाकारू शकते, आणि प्रकरण ग्राहक आयोगात वर्षानुवर्षे चालते. दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागतात, तेव्हा एक गाडीतच होती हे लपत नाही. गाडीचे सोडा, मागे झोपलेल्या लेकराचा विचार करा. वॉचमनला सांगितले आहे, त्याने हटकले तर रागावू नये.

देव न करो, पण गाडी गेलीच तर आधी ११२ ला फोन आणि पोलिस ठाण्यात एफआयआर, त्याच दिवशी. मग विमा कंपनीला लेखी कळवा, आरटीए कार्यालयालाही. गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले की एफआयआर ताबडतोब केला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही. उशीर पोलिसांकडे नको, हे त्यातले सार.

भरपाई किती मिळेल, हे पॉलिसीवरच्या 'आयडीव्ही' या आकड्यावर ठरते. गाडीची छापील किंमत वजा घसारा. प्रचलित तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. हप्ता कमी दिसावा म्हणून काही एजंट हा आकडाच खाली आणतात. आठ लाखांची गाडी साडेसहा लाखांची लिहिली की हप्ता थोडा उतरतो, आपण खूश. चोरी झाल्यावर दीड लाख कुठे गेले ते विचारायला जागा नसते. सही करण्यापूर्वी हा एक आकडा जरूर वाचावा. इंग्रजी अडत असेल तर पॉलिसी शाळेत आणा. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, 'बीमा'पासून 'विमा'पर्यंत मीही शब्दकोश घेऊनच पोचलो आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसून वाचू.

मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी दोन शब्द. परवाना नसताना गाडी चालवून ठोकली तर स्वतःच्या गाडीचा दावा मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. आणि मागे बसलात तरी पट्टा लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महाग होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले, आणि ते दोघेही गेले.

शेवटी, हप्ता खरोखर कमी करायचा असेल तर सर्वात मोठी सूट 'नो क्लेम बोनस'ची आहे. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजवर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्या, नव्या पॉलिसीत लागू होतो. सभेतल्या त्या पालकांनी जुनी गाडी विकली तेव्हा हे पत्र घेतले नव्हते. चार वर्षांचा ४५ टक्के बोनस होता. जुनी कंपनी अजूनही ते पत्र देऊ शकते, तसा अर्ज त्यांनी केला आहे. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही तर मात्र हा बोनस बुडतो, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.