गाविलगड पडला आणि वर्धा सीमा झाली

(लेखांक ९)

चिखलदऱ्याशी जोडलेली कीचकदऱ्याची कथा आज सांगायची होती. ती आता पुढच्या आठवड्यात. हिंगणघाटच्याच एका वाचकाने विचारलेला प्रश्न मला आधी घ्यायचा आहे. चिखलदऱ्याच्या गाविलगड किल्ल्यावर इतकं लिहिताय, पण आपल्या गावाशी त्याचा काय संबंध?

फार जवळचा. चिखलदऱ्याला गेलेला माणूस भीमकुंड पाहतो, देवी पॉइंट पाहतो, धुक्यात फोटो काढतो, रबडी खाऊन परततो. त्या देखण्या पठाराच्या टोकाला १५ डिसेंबर १८०३ रोजी काय घडलं, ते कुणी सांगत नाही.

इंग्रजांविरुद्धची अडगावची लढाई नागपूरच्या भोसल्यांनी गमावून जेमतेम पंधरवडा झाला होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने किल्ल्याच्या दक्षिणेकडे ठाण मांडलं आणि त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्या फौजेने डोंगरातून वाट काढत, माणसांकरवी ओढत तोफा उत्तरेला लाबाडा गावापर्यंत नेल्या. तोफांच्या माऱ्याने बाहेरचा तट फुटला. आतल्या किल्ल्याला मात्र भगदाड नव्हतं आणि मध्ये दरी. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी ती दरी उतरली, समोरच्या कड्याला शिड्या लावून आत शिरली आणि तिने दरवाजा उघडला. पुढे झाली ती कत्तलच. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या ढिगात सापडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसले आणि इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. तो इंग्रजांचा मित्र असलेल्या निजामाला मिळाला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र भोसल्यांकडेच राहिले. ज्या किल्ल्यासाठी एवढी माणसं मेली तो परत आला, वऱ्हाड गेलं. वेणेच्या काठचं आपलं हिंगणघाट नदीच्या पूर्वेला, म्हणून नागपूरकरांकडेच राहिलं, थेट १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करेपर्यंत. वडनेरहून वडकीकडे जाताना वर्धेचा पूल लागतो, तिथे तेव्हा राज्य बदलायचं. आज जिल्हा बदलतो.

जाता जाता आणखी एक. वेलस्लीच्याच ३३व्या पलटणीतला विल्यम लॅम्बटन श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. पुढे साऱ्या हिंदुस्थानची मोजणी करत निघालेला हाच माणूस जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटात वारला. त्याच्यावर एक पूर्ण लेखांक लिहिणार आहे.

या हिवाळ्यात चिखलदऱ्याला गेलात तर गाविलगडासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. दरवाज्यावरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड आणि त्याने धरलेले हत्ती जवळ जाऊन पाहा. आणि कुणी त्या दगडांवर स्वतःचं नाव कोरताना दिसला, तर त्याचा हात धरा.