एकेरी रुळांचा दस्तूर

मिरजेहून निघून कोल्हापूरच्या फलाटाशी संपणारा लोहमार्ग लांबीने पन्नास किलोमीटरांच्या आतला आहे, त्यावर बोगदा नाही, घाट नाही, डोळे दिपवील असे स्थापत्यही फारसे नाही, आणि म्हणूनच की काय, रेल्वेविषयी लिहिणाऱ्यांनी त्याची बोळवण बहुधा एखाद्या वाक्यात केलेली आढळते. रोजच्या प्रवासाची गाडी म्हटली की मराठी मनापुढे मुंबईची समुद्रकाठची लोकल उभी राहते. 12 एप्रिल 1867 रोजी विरार आणि बॅकबे यांच्या दरम्यान सुरू झालेल्या त्या सेवेचा विस्तार खरोखरच विस्मयकारक आहे आणि तिचे गुणगान योग्यच आहे. परंतु पहाटे भाकरी बांधून घराबाहेर पडणारा, खिशात मासिक पास बाळगणारा आणि गाडी चुकली तर दिवस बुडाला असे मानणारा प्रवासी केवळ समुद्रकाठीच राहतो असे नाही. कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांमधल्या काळ्या मुलखातही तो पिढ्यानपिढ्या राहत आला आहे, आणि त्याची गाडी याच मार्गावरील हातकणंगल्याच्या फलाटावर थांबते.

या मार्गाचा आणि समुद्राचा संबंध मात्र आहे, आणि तो बराच खोल आहे. रेल्वे येण्यापूर्वी करवीर, म्हणजेच कोल्हापूर, संस्थानाचा व्यापार पश्चिमाभिमुख होता. गूळ, तंबाखू, कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून सह्याद्रीचे घाट उतरून राजापूर, वेंगुर्ले, रत्नागिरी, चिपळूण अशा बंदरांकडे जात असे आणि परतीच्या खेपेस तिकडून मीठ, नारळ, सुपारी वर येत असे. पावसाळ्यात घाट बंद पडले म्हणजे बाजारही निम्मा बंद पडे. पुढे 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतर, जेथे अन्न आहे तेथून जेथे नाही तेथे ते वेळेवर पोचविण्याची तजवीज असावी या विचाराने दक्षिणेत मीटरमापी मार्गांचे जाळे पसरू लागले. सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा पुणे-मिरज-लोंढा हा मार्ग 1890 च्या सुमारास पुरा झाला आणि लोंढ्याहून घाट उतरून मुरगाव बंदराकडे जाणारी वाट त्याआधीच खुली झालेली होती. कोल्हापूर मिरजेस जोडले गेले की ते एका बाजूने पुण्याशी आणि दुसऱ्या बाजूने थेट एका बंदराशी जोडले जाणार, हे दरबारच्या ध्यानात आले होते.

3 मे 1888 रोजी या रेल्वेची पायाभरणी झाली आणि ती करणारे शाहू महाराज त्या दिवशी चौदा वर्षांचेही पुरे नव्हते. राज्याधिकार त्यांच्या हाती येण्यास अद्याप सहा वर्षे अवकाश होता, कारभार रीजन्सीचा होता, आणि जनक पिता जयसिंगराव घाटगे दोनच वर्षांपूर्वी वारले होते. 21 एप्रिल 1891 रोजी मार्ग खुला झाला. हा रस्ता संस्थानाच्या खजिन्यातून बांधला गेला आणि चालविण्यास कंपनीकडे दिला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण आपल्या रयतेस जगाच्या बाजारपेठेशी जोडण्याचा खर्च दरबाराने आपल्या जमाखर्चात घेतला होता. पुढे 1917 साली शिरोळ तालुक्यात, याच मार्गाच्या कडेस, महाराजांनी सरळ रस्त्यांची आखीव पेठ वसविली आणि तीस वडिलांचे नाव दिले. ते जयसिंगपूर होय. आधी रूळ आणि मग पेठ, अशा क्रमाने जन्मलेले गाव आपल्याकडे विरळाच.

मूळ मार्ग एक मीटर रुंदीचा होता आणि मुंबईचा मार्ग 1676 मिलिमीटरांचा, त्यामुळे कोल्हापुराहून मुंबईस निघालेल्या माणसास पुण्यात बोचकी-वळकट्यांसह उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. 1970 च्या सुमारास रुंदीकरण झाले तेव्हा हे गाडी बदलणे संपले. अलीकडे मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि धुराचा वासही गेला. तथापि एक गोष्ट 1891 पासून आजतागायत बदललेली नाही: मार्ग एकेरी आहे. येणारी आणि जाणारी गाडी एकाच रुळांवरून धावते. हातकणंगल्याच्या स्थानकाचे सारे कामकाज, तेथील शिस्त आणि प्रवाशांच्या नशिबी येणारी प्रतीक्षा, या एका गोष्टीतून उगम पावतात.

हा दस्तूर जवळून पाहावा म्हणून मी स्थानकावर बराच काळ घालविला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की एकेरी मार्गावर गाडी चालविणे हे प्रामुख्याने शब्द देण्याचे आणि शब्द पाळण्याचे काम आहे. पूर्वी या शब्दाचे मूर्त रूप म्हणजे टोकनचा गोळा असे. दोन शेजारच्या स्थानकांतील यंत्रे तारेने अशी जोडलेली असत की त्या दोहोंतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो गोळा ज्या चालकाच्या हाती, त्याच गाडीला पुढच्या टप्प्यात शिरण्याचा अधिकार. वेताच्या मोठ्या कड्याला कातडी पिशवी, पिशवीत गोळा, आणि ते कडे धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून झेलायचे, ही कसरत ज्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात पाहिली ते वृद्ध अजूनही तिचे वर्णन रंगून करतात.

आता मास्तरांच्या खोलीत पॅनेल आहे, त्यावर मार्गाचा नकाशा दिव्यांनी उजळतो आणि बटण दाबल्यावर सांधा आपोआप सरकतो. परंतु शब्दाचा व्यवहार कायम आहे. गाडी सोडण्यापूर्वी हातकणंगल्याचे मास्तर कोल्हापूरच्या बाजूच्या पुढच्या स्थानकाच्या, रुकडीच्या, मास्तरांकडे ‘लाइन क्लियर’ मागतात. रुकडीकर आपली मागची गाडी पुरी आत आली आहे आणि वाट मोकळी आहे याची खात्री करतात, मग रुकार देतात, आणि त्या रुकाराबरोबर एक खासगी आकडा सांगतात. हे आकडे ओळीने येत नाहीत, ते आधीच छापलेल्या यादीत विस्कळीत क्रमाने असतात, जेणेकरून झोपेत किंवा सवयीने कोणी रुकार दिला असे होऊ नये. आकडा ऐकणारा तो मोठ्याने परत म्हणतो आणि वहीत वेळेसह नोंदवितो. फाटकावरच्या गेटमनशीही जेथे आवश्यक तेथे असाच आकडा बदलला जातो. या वहीची पाने मी पाहिली. खाडाखोड नाही, घाईचे अक्षर नाही. सरकारी दप्तरात इतकी नीटस लेखणी फार ठिकाणी दिसत नाही.

एके सकाळी कोल्हापूरकडे जाणारी पॅसेंजर लूप लाइनवर, म्हणजे स्थानकातील बाजूच्या रुळांवर, उभी होती. समोरून, कोल्हापुराहून, एक्सप्रेस येत होती आणि ती गेल्याशिवाय पॅसेंजरला वाट नव्हती. डब्याच्या दारात मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन बसलेल्या एका वयस्क बाईंनी फलाटावरच्या पॉइंट्समनला हाक मारली.

“काय रं बाळा, कवा सुटायची म्हणायची ही?”

“मावशी, रुकडी सोडलीया एक्सप्रेसनं. ती गेल्याबगर आपल्याला वाट न्हाई. बसा वाईच.”

“बसतो की. पर भाजी बसंल व्हय रं?”

त्याने काही उत्तर दिले नाही, कारण तेवढ्यात एक्सप्रेस आली. ती धडधडत निघून गेली तेव्हा डब्यातील सगळ्यांचे डोळे आपापल्या गाडीच्या सिग्नलाकडे लागले होते. त्या माणसाचे मात्र निघून चाललेल्या गाडीच्या शेपटाकडे होते. अखेरच्या डब्यावर एक पाटी लावलेली असते, रात्री तेथे तांबडा दिवा असतो. ती पाटी दिसली तरच गाडी सबंध गेली असे समजायचे; न दिसली तर एखादा डबा मागे तुटून राहिला असण्याचा संभव, आणि मग त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडणे म्हणजे घात. पाटी दिसल्याची खूण त्याने मास्तरांना केली, रुकडीशी आकड्यांची देवघेव झाली, आणि मगच पॅसेंजरपुढचा दिवा हिरवा झाला. मावशींची मेथी उशिरा पोचली हे खरे. पण त्या उशिरातील प्रत्येक मिनिटाचा हिशेब वहीत होता, आणि त्या हिशेबावरच डब्यातील सर्वांचा जीव सुरक्षित होता.

याहूनही अलक्षित काम रुळांवर चालते. हातोडा, पाना आणि तांबडी-हिरवी निशाणे घेऊन कीमन आपल्या वाट्याचा मार्ग पायी तुडवितो, रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवितो, खडी सरकली आहे का ते पाहतो. थंडीच्या पहाटे रूळ आकसतो आणि तडकण्याचे भय असते, वैशाखात तो प्रसरण पावून वाकण्याचे. म्हणजे ज्या वेळी सामान्य मनुष्य घरात राहणे पसंत करील नेमक्या त्याच वेळी याला बाहेर असावे लागते.

पावसाळ्यात सर्व लक्ष रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलाकडे लागते. पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी रंगविलेली असते, तेथे माणूस तैनात असतो, आणि पाणी त्या रेषेकडे चढू लागले की वाहतूक थांबविण्याचा हुकूम निघतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुराने हा मार्ग बंद पाडला; महामार्गही पाण्याखाली असल्याने कोल्हापूर तेव्हा जवळपास बेट झाले होते. त्या दिवसांत या भागातील माणसांना प्रथमच उमगले असावे, की रोज ज्या गाडीच्या उशिराबद्दल आपण कुरकुरतो ती आपल्या जीवनव्यवहाराचा केवढा भार वाहते.

रुकडीनंतर वळिवडे. येथे पॅसेंजर क्षणभर थांबते, गांधीनगरच्या कापडपेठेत जाणारी गिऱ्हाइके उतरतात, आणि गाडी पुढे निघते. याच स्थानकाच्या परिसरात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. मायदेशातून उचलून सायबेरियाकडे धाडलेली, तेथून इराणमार्गे सुटून आलेली ही बहुतेक बायका-मुले होती. करवीर संस्थानाच्या भूमीत त्यांच्या शाळा भरल्या, प्रार्थना झाल्या, मुले मोठी झाली. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. फाळणीनंतर तीच जागा सिंधी बांधवांच्या उपयोगी पडली. एवढ्याशा स्थानकाने उखडलेले दोन समाज पाहिले आणि दोघांनाही जागा दिली.

आता मागण्यांविषयी. हातकणंगले हे इचलकरंजीस सर्वांत जवळचे मोठे स्थानक. 1904 साली जेथे पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे ज्यास महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हटले गेले, त्या गावात अद्याप रूळ पोचलेले नाहीत आणि आठ-दहा किलोमीटरांच्या जोडमार्गाची मागणी जुनी आहे. कोल्हापूर-वैभववाडी मार्गास 2016-17 च्या अर्थसंकल्पात मान्यता मिळाली. तो झाला तर सह्याद्री उतरून हा प्रदेश पुन्हा कोकणच्या बंदरांशी जोडला जाईल आणि कोल्हापूरचे फलाट शेवटचे राहणार नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्यासाठी वंदे भारतही सुरू झाली. या सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु एकेरी रुळांवर प्रत्येक नवी वेगवान गाडी ही कोठल्या तरी पॅसेंजरला लूप लाइनवर उभी करूनच पुढे जाते, हे साधे गणित आहे, आणि त्याचा भार विद्यार्थ्यावर, मिरजेच्या इस्पितळात निघालेल्या रोग्यावर, बाहुबली तीर्थाच्या यात्रेकरूवर आणि भाजीच्या पाटीवर पडतो.

म्हणून माझे या भागातील लोकप्रतिनिधींना, व्यापारी मंडळांना आणि प्रवासी संघटनांना सांगणे आहे की पुढचा अर्ज रेल्वेकडे धाडाल तेव्हा त्यात नव्या एक्सप्रेसच्या आधी दोन कलमे लिहा: मिरज ते कोल्हापूर दुसरा रूळ पडावा, आणि तो पडेपर्यंत सकाळच्या व संध्याकाळच्या पॅसेंजरला क्रॉसिंगमध्ये अग्रक्रम मिळावा.