न्यायमूर्ती चंदावरकर आणि अध्यक्षाची खुर्ची

परळच्या एका अभ्यासवर्गात मी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यावर बोलत होतो. मध्येच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मिशन शिंद्यांनी काढले, मग अध्यक्ष हायकोर्टाचे न्यायमूर्ती कसे?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र नेमका होता.

ते न्यायमूर्ती म्हणजे नारायण गणेश चंदावरकर. जन्म 1855 चा, उत्तर कानड्यातील होनावरचा. जातीने सारस्वत ब्राह्मण. मुंबईत वकिली, ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे संपादन, 1885 मध्ये हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी विलायतेची वारी, 1900 मध्ये लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद आणि 1901 मध्ये हायकोर्टाचे न्यायासन. तेलंग आणि तय्यबजीही याच वाटेने गेले. इंग्रजी अमलात हिंदी माणसाला वर चढायला हा जिना होता. त्याची पहिली पायरी म्हणजे शाळा, आणि नेमकी तिथेच आपली मुले अडवली जात होती.

गिरगावच्या प्रार्थना समाजाची धुरा चंदावरकरांकडे होती. 18 ऑक्टोबर 1906 रोजी शिंद्यांनी परळला अस्पृश्य मुलांची शाळा काढली आणि निराश्रित साहाय्यकारी मंडळी उभी केली, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेले. ज्या काळात अस्पृश्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळात एका न्यायमूर्तीने आपले नाव या कामामागे उभे करावे, ही लहान गोष्ट नव्हे. शिंद्यांना पैसा हवा होता, सरकारदरबारी वजन हवे होते. ते या नावाने मिळे. पण मंडळीचे नावच पाहा: निराश्रित! आश्रय मागणारा कोण आणि देणारा कोण, हे पाटीवरच लिहून ठेवलेले.

खरी कसोटी लागली ती 1917 मध्ये. ऑगस्टमध्ये माँटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्या योजनेला सर्व थरांचा पाठिंबा आहे, हे दाखवणे आता काँग्रेसला निकडीचे झाले. 11 नोव्हेंबरला मुंबईत अस्पृश्यांची सभा भरली, अध्यक्ष चंदावरकर. सभेने योजनेला पाठिंबा दिला आणि अस्पृश्यांवरील बंधने दूर करण्याचा ठराव काँग्रेसने करावा, अशी विनंती केली. डिसेंबरात कलकत्त्याला तो ठराव झाला. बत्तीस वर्षे जे सुचले नाही ते महिन्याभरात सुचले! बाबासाहेबांनी पुढे 1945 च्या आपल्या ग्रंथात या देवघेवीवर बोट ठेवले.

त्याच नोव्हेंबरात मुंबईत दुसरी सभा झाली. तिने ही योजना नाकारली आणि कौन्सिलात आपले प्रतिनिधी आपणच पाठवण्याचा हक्क मागितला. या सभेचे अध्यक्ष बापूजी नामदेव बागडे, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी. म्हणजे सभा दोन, सूर दोन, पण दोन्ही खुर्च्यांवर माणूस बाहेरचाच.

चंदावरकरांच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही. त्यांची श्रद्धा मतपरिवर्तनावर होती. सुशिक्षितांचे मन बदलले की समाज बदलेल, हे त्या पिढीचे गणित. या गणितात अस्पृश्य हा उद्धाराचा विषय होता, मताचा धनी नव्हता. जानेवारी 1919 मध्ये परळच्या चाळीत राहणारे भीमराव आंबेडकर साउथबरो समितीपुढे गेले आणि अस्पृश्यांच्या वतीने अस्पृश्यच बोलेल, असे त्यांनी मांडले.

1921 मध्ये चंदावरकर मुंबई कायदे कौन्सिलचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले. 14 मे 1923 रोजी ते वारले. त्याच कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. ठराव कागदावर राहिला. महाडचे तळे तर त्यानंतरही बंदच होते. 20 मार्च 1927 रोजी लोक स्वतः चालत तिथे गेले आणि पाणी प्यायले.