थकबाकी आणि थकबाकीदार (लेखांक ५)

कर्जमागणीच्या अर्जावरून परतफेडीचा अंदाज बांधण्याच्या ज्या पद्धतीला मशीन लर्निंग म्हणतात, तिच्यात नियम माणसाने लिहून द्यायचे नसतात. जुन्या कर्जप्रकरणांतील क्षेत्र, पीक, आधीची कर्जे अशा बाबी आणि प्रत्येक प्रकरणाची अखेर संगणकासमोर ठेवली की तो त्यांच्यातील संबंध स्वतः हुडकतो आणि नव्या अर्जाला ० ते १ यांमधील एक संभाव्यता देतो. या अखेरीला, म्हणजे ‘फिटले’ किंवा ‘थकले’ या शिक्क्याला, लेबल ही संज्ञा आहे. गणित कितीही सूक्ष्म असले तरी यंत्राला शिक्क्यापलीकडचे काही दिसत नाही, म्हणून शिक्का कसा पडतो याची चौकशी गणिताच्या आधी व्हायला हवी.

नाशिक जिल्ह्यातील पीककर्ज या चौकशीला फार उपयोगी आहे. गावची विकास सोसायटी आणि तिच्यामागे जिल्हा बँक अशा साखळीतून मिळालेले कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजसवलत मिळत असल्यामुळे, ३१ मार्चपूर्वी हातउसने पैसे भरून लगेच नवे कर्ज उचलण्याची, म्हणजे ‘नवे-जुने’ करण्याची, रीत रूढ झाली आहे. अशा खात्यावर ‘फिटले’ असा शिक्का पडतो, पण पिकाच्या पैशातून काहीच फिटलेले नसते. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंतची आणि २०१९ च्या कर्जमुक्तीत दोन लाखांपर्यंतची थकबाकी शासनाने भरली, तेव्हाही खाते निरंक झाले. ते कोणी निरंक केले याचा रकाना यंत्राच्या तक्त्यात स्वतंत्र ठेवला नाही, तर शासनाची परतफेड शेतकऱ्याच्या नावावर जमा होते.

उलट बाजू अधिक क्लेशदायक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लाल व रांगडा कांदा लासलगावच्या बाजारात येत असल्याने भाव कोसळले. त्या हंगामात थकलेल्या चांदवड-येवल्याच्या खातेदाराच्या वागणुकीत कोणताही दोष नव्हता. तरी यंत्राने त्यावरून ‘कांदा’ आणि ‘चांदवड’ या दोन शब्दांनाच जोखीम मानले, तर पुढच्या वर्षी तिथला प्रत्येक अर्जदार दिल्लीतील एका आदेशाची शिक्षा भोगेल. तालुका हा माणसाच्या पतीचा पुरावा नव्हे. पाऊस, बाजारभाव आणि निर्यातधोरण हे स्वतंत्र रकाने म्हणून द्यावेत, हे प्रामाणिक मांडणीचे पहिले पाऊल आहे.

ज्यांना कर्ज मिळालेच नाही त्यांच्यावर तर शिक्काच पडत नाही. सुरगाणा-पेठकडचा एखादा वनपट्टेधारक कागदपत्रांअभावी दारातूनच परत गेला असेल, तर त्याने कर्ज फेडले असते की नाही हे कोणत्याही नोंदीत सापडणार नाही, आणि यंत्र मात्र त्याच्याविषयीही तितक्याच ठामपणे आकडा सांगेल.

चाचणीची पद्धतही यावरूनच ठरते. सर्व वर्षांची प्रकरणे मिसळून त्यांतील काही यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, बाजूला काढून यंत्र तपासले, तर निर्यातबंदीचा हंगाम त्याने शिकताना आधीच पाहिलेला असतो आणि निकाल फसवा चांगला येतो. म्हणून २०२२ पर्यंतच्या नोंदींवर शिकवून २०२३-२४ च्या हंगामावर तपासावे, आणि चुका तालुकावार व पीकवार वेगळ्या मोजाव्यात.